आधी भोपळा, मग माणूस

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा नमस्कार. साष्टांग घालायचा होता, पण खाली गेलो तर वर कोण काढणार हा प्रश्न असल्यामुळे तो खुर्चीत बसूनच घातला आहे. मनाने मात्र पूर्ण आडवा झालो आहे असं समज. तुझी तब्येत बरी असेल. मनगट दुखायचं थांबलं का? (दिवसभर कात्री चालवणाऱ्या बाईने मनगटाची हेळसांड करू नये, पण तुझ्या पार्लरात तुला हे सांगायची कुणाची छाती आहे?) भावोजींना माझा नमस्कार. मी करून दिलेली कवळी ते जेवताना काढून ठेवतात आणि फोटो काढायच्या वेळी लावतात असं कानावर आलं. खरं तर ते उलट असतं, त्यांना एकदा समजावून सांग. इकडे सगळे मजेत आहेत. म्हणजे बाबा मजेत नाहीत, आणि ते नाहीत म्हणून मी आणि तुझी भावजयही नाही, पण पत्राच्या सुरुवातीला सगळे मजेत आहेत असं लिहायचं असतं म्हणून लिहिलं.

मागे मी फोन केला तेव्हा तू म्हणालीस की त्या घराबद्दल आणि त्या माणसाबद्दल मला एक अक्षर ऐकायचं नाही, आणि खाडकन फोन ठेवलास. (अजून माझ्या उजव्या कानात अधूनमधून तो आवाज येतो.) तुझा शब्द मोडायची माझी लहानपणापासून हिंमत नाही. म्हणून हे पत्र फक्त भोपळ्याबद्दल आहे. मी उतारवयात भोपळ्यावर शिल्प कोरायला शिकलो, त्याची ही हकिकत. सांगता सांगता एखादा माणूस मध्ये आलाच, तर त्याला माझा इलाज नाही.

आता भोपळ्याशी माझं जुनं वाकडं आहे हे तुला माहीत आहेच, तरी लिहितो, कारण माहीत असलेल्या गोष्टी गाळल्या तर आपल्या वयाच्या माणसांची पत्रं दोन ओळींत संपतील. बाबांच्या सलूनमध्ये काम शिकायला जो येईल त्याच्या पुढ्यात पहिलं गिऱ्हाईक म्हणून तांबडा भोपळा ठेवला जायचा. भोपळ्याला टॉवेल गुंडाळायचा, ब्रशने फेस लावायचा, आणि देठापासून बुडापर्यंत वस्तरा फिरवायचा. फेस सगळा निघाला पाहिजे आणि सालीवर चरा उमटता कामा नये. मग बाबा अंगठा फिरवून निकाल द्यायचे. आधी भोपळा, मग माणूस, हा दुकानाचा कायदा होता. तू पहिल्याच फटक्यात पास झालीस, तेही फ्रॉकवर फेसाचा थेंब न पाडता, आणि बाबांनी तुला तुझा स्वतःचा वस्तरा दिला. माझ्या भोपळ्यावर त्यांनी अंगठा फिरवला, थोडा वेळ त्या भोपळ्याच्या दुःखात सहभागी झाले, आणि आईला म्हणाले की याला दातांकडे पाठव. म्हणून मी आयुष्यभर कवळ्या केल्या. त्याबद्दल माझी तक्रार नाही. प्लास्टरच्या जबड्याला चरा पडला तर तो ओरडत नाही.

तर बाबांचे डोळे गेले. हे मी तुला फोनवर सांगणार होतो, पण तू आधीच ठेवलास. सुरुवातीला आम्हाला वाटलं वय झालं. मग ते आरशातल्या गिऱ्हाइकाऐवजी आरशाचेच केस कापायला निघाले, तेव्हा तपासण्या झाल्या आणि कळलं की डोक्यात एक गाठ आहे आणि ती डोळ्यांच्या नसेवर ठाण मांडून बसली आहे. सलूनला कुलूप लागलं. मात्र तुला सांगतो, माणसं ओळखायला त्यांना डोळे लागतच नाहीत. कुणी भेटायला आलं की त्याने खुर्चीसमोर वाकायचं, बाबा त्याच्या डोक्यावर हात ठेवणार, आणि नाव सांगणार. पोस्टमनसुद्धा पाकीट देण्याआधी वाकतो. वर त्याला ऐकून घ्यावं लागतं की केस परवा कुणी कापले, फार वाईट कापलेत, आणि डाव्या कल्ल्याला न्याय मिळालेला नाही.

मेंदूचे डॉक्टर तरुण आहेत. त्यांचे पुढचे दोन दात एकमेकांवर चढलेत, आणि त्यावरूनच मला त्यांचा विश्वास वाटला. (ज्याला स्वतःचे दात सरळ करून घ्यायला सवड मिळाली नाही, तो माणूस कामच करत असणार.) ते स्पष्ट म्हणाले की दृष्टी परत येणार नाही. गाठ काढली तर बाबा राहतील. नाही काढली तर थंडी संपायच्या आत आपल्याला त्यांना निरोप द्यावा लागेल. ऑपरेशनला बाबांची ना नव्हती. कवटी उघडणार म्हटल्यावर त्यांनी फक्त, पुन्हा नीट बसवता ना, एवढं विचारलं. घोडं अडलं ते पुढे. डॉक्टर म्हणाले, आधी डोक्यावरचे केस काढावे लागतील, आमचा माणूस येऊन मशीन फिरवून जाईल. तो माणूस आला. बाबांनी त्याचा हात हातात घेतला, तळवा चाचपला, आणि म्हणाले की हा हात ट्रॉली ढकलायला उत्तम आहे. डोक्याला लावायचा नाही.

मग जी मनधरणी सुरू झाली ती विचारू नकोस. डॉक्टर म्हणाले, सगळं डोकं नको, फक्त बाजूचा एक चौकोन साफ करू. बाबा म्हणाले, अर्धं काम करून मी कधी गिऱ्हाईक उठवलं नाही, मी अर्धा बसणार नाही. तुझी भावजय रडली. मी ओरडलो. बाबा शांतपणे खुर्चीच्या हातावर बोटं वाजवत बसले आणि एवढंच म्हणाले की हे डोकं एकाच हाताखालचं आहे. कुणाच्या, ते म्हणाले नाहीत. मीही विचारलं नाही. तू गेलीस तेव्हापासून त्या डोक्याला कात्री लागलेली नाही, ताई. विंचरू देतात, कापू देत नाहीत. पांढरेशुभ्र केस खांद्याखाली उतरलेत, आणि सून त्यांची वेणी घालते का असं शेजारी विचारतात. (घालते. रविवारी.)

शेवटी मी म्हटलं, मी करतो. मी तुमचा मुलगा आहे, माझ्या हातात काय काटे आहेत का? त्यावर बाबा हसल्यासारखे झाले आणि म्हणाले, चालेल की. आधी भोपळा.

बाजारातून भोपळा आणला. स्वयंपाकघरातल्या टेबलावर टॉवेल घालून बसवला, फेस केला, वस्तरा पट्ट्यावर घासला आणि देवाचं नाव घेऊन लावला. फेस भराभर लाल होऊ लागला तेव्हा मला आधी वाटलं भोपळा पिकलेला आहे. मग लक्षात आलं की तो माझा अंगठा आहे. बाबांनी भोपळ्यावरून हात फिरवला आणि गिऱ्हाईक गेलं असं जाहीर केलं. दुसऱ्या दिवशी नवा भोपळा, नवे चरे. गेलेल्या गिऱ्हाइकांचं सूप करून आम्ही ते प्यायचो. तुझ्या भावजयीने भाजी केली, भाकरीच्या पिठात घातला, उकडला, भाजला, आणि अखेर एक दिवस चमचा खाली ठेवून म्हणाली की आता एकतर तुम्ही शिका नाहीतर मला माहेरी पोचवा. (तिचं माहेर आता उरलेलं नाही हे तिला आठवलं आणि ती आणखी चिडली.)

अशा अवस्थेत मी ग्रंथालयात गेलो असताना फलकावर एक कागद दिसला. त्यावर भोपळ्याचं चित्र होतं, शेजारी एक पातं, आणि खाली लिहिलं होतं, नवशिक्यांचा हात बसवून मिळेल. ताई, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, जगाच्या पाठीवर आणखी कुणीतरी भोपळ्यावर वस्तरा शिकवतंय, आणि तेही ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत. तिथल्या तिथे नाव दिलं. शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, येताना भोपळा जड आणा, भिंती जाड हव्यात. मला ते पटलं. जाड डोक्याचं गिऱ्हाईक नवशिक्याला बरं.

पहिल्या दिवशी मी बाबांचा जुना वस्तरा, ब्रश, फेसाची वाटी आणि स्वच्छ टॉवेल घेऊन गेलो. लांबच लांब टेबलं, त्यावर प्लॅस्टिक अंथरलेलं, प्रत्येकापुढे आपापला भोपळा. इतरांची हत्यारं काही वेगळीच होती, लाकडी दांडा आणि टोकाला तारेचं कडं. मला वाटलं, गरिबांना वस्तरा परवडला नसेल. बाई इकडेतिकडे काही बोलत होत्या तोवर मी माझ्या गिऱ्हाइकाला टॉवेल गुंडाळला, फेस फेटला, आणि देठापासून खालपर्यंत छान पांढराशुभ्र करून टाकला. वर बघतो तर सगळी खोली माझ्याकडे पाहत होती. शेजारी एक निवृत्त तिकीट तपासनीस बसले होते, ते खुर्चीसकट थोडे बाजूला सरकले. बाईंनी हळूच विचारलं, काका, हे काय करताय? मी म्हटलं, दाढी.

बाई चांगल्या स्वभावाच्या होत्या (खालचे दात दाटीवाटीचे, पण निरोगी). त्यांनी समजावलं की इथे भोपळ्यावर माणसाचा चेहरा कोरायचा आहे, मातीत कोरतात तसा, नाक पुढे, गाल मागे. आरपार कुठेही जायचं नाही, सगळं काम गराच्या जाडीत करायचं. आणि त्यासाठी सगळ्यात आधी समोरची साल काढून टाकायची. मी पुन्हा विचारलं, साल? हो म्हणाल्या, पूर्ण. ज्या सालीवर चरा उमटला म्हणून मला घराबाहेर दातांकडे पाठवलं, ती साल ही बाई बटाटे सोलल्यासारखी सोलून टाकायला सांगत होती. मला उठून जावंसं वाटलं. पण फी भरली होती, फेस अजून ओला होता, आणि खरं सांगायचं तर घरी जाऊन बाबांना तोंड दाखवायचं जिवावर आलं होतं. (त्यांना तोंड दिसत नाही हे मला माहीत आहे. तरी जिवावर येतं.)

ओळखीच्या माणसाचा फोटो समोर ठेवून कोरायचं होतं. माझ्या खिशात फोटो एकच, हॉस्पिटलच्या फाईलसाठी काढलेला बाबांचा. त्यात ते कुणीतरी फुकट दाढी करून मागितल्यासारखे पाहत आहेत. तपासनीसांनी आपल्या वारलेल्या कुत्र्याचा फोटो आणला होता. बाई सांगत होत्या की नाकापासून सुरुवात करा, नाक सगळ्यात उंच, बाकीचा चेहरा नाकाच्या मागे उतरत जातो. सगळ्यांनी नाकापासून सुरुवात केली. मी दातांपासून केली. माझं ऐकून घे, ताई, मी जन्मभर माणसाला आतून ओळखलं आहे. माझ्या टेबलावर कधीच माणूस आला नाही, फक्त त्याचा जबडा आला, आणि त्यावरून मी माणूस ताडायचो. दात बसले की ओठ बसतो, ओठ बसला की गाल भरतो. हे कवळीत खरं आहे. भोपळ्यात खरं नाही. वरचे दात झाले, खालचे झाले, सुळे तर असे उतरले की बाईंनी सगळ्यांना बोलावून दाखवले, पण तेवढ्यात नाकाच्या वाट्याचा गर संपला होता. जिथे नाक यायला हवं तिथे एक सपाट मैदान होतं. मी तिकडे गराचा तुकडा दात कोरायच्या काडीने टोचून बसवला. बाई म्हणाल्या, हे नियमात बसत नाही. नाकालाही ते पटलं असावं, ते गळून पडलं.

उरले डोळे. तिथे मी आरपार गेलो. तारेचं कडं जरा जास्त दाबलं गेलं आणि गर संपून आतला अंधार दिसायला लागला. एका डोळ्याचं असं झालं म्हणून सारखं दिसावं यासाठी दुसऱ्याचंही तसंच केलं. मग मागे सरून पाहिलं. बत्तीस दात काढून हसणारे बाबा, नाक नाही, आणि डोळ्यांच्या जागी दोन भोकं. तपासनीस आपला कुत्रा कोरता कोरता थांबले. (त्यांचा कुत्रा का कुणास ठाऊक हुबेहूब बाईंसारखा झाला होता, पण ते कुणी बोलून दाखवलं नाही.) बाईंनी विचारलं, कोण आहेत हे? मी म्हटलं, वडील. फार हसतमुख दिसतात, त्या म्हणाल्या. आणि मग ताई, मला भर वर्गात रडू आलं. हुंदके देऊन. आपले बाबा कधी असे हसलेत का, आणि त्यांचे डोळे मी माझ्या हाताने पोखरून काढले, असं काहीतरी माझ्या तोंडून निघून गेलं. गर सुकू नये म्हणून भोपळ्यांवर मारायला बाईंच्या हातात पाण्याचा फवारा होता. काय करावं न सुचून त्यांनी तो थोडा माझ्यावरही मारला.

भोपळा टॉवेलात गुंडाळून बसने घरी आणला. वाटेत टॉवेल घसरला आणि समोरची बाई उठून मागे जाऊन उभी राहिली, त्यामुळे मला ऐसपैस बसता आलं. तुझ्या भावजयीने दार उघडलं, बघितलं, आणि हे फ्रीजमध्ये जाणार नाही एवढं बोलून आत गेली. बाबा सलूनमध्येच होते. दिवसभर तिथेच बसतात, कुलूप आतून लावून, स्वतःच्या खुर्चीत. म्हणाले, आण, ठेव पुढ्यात. मी आरशासमोरच्या सुट्या फळीवर ठेवला. तीच फळी, ज्यावर बसवून ते आपले केस कापायचे. खुर्चीच्या हातांवर टाकली की आपण उंच व्हायचो.

बाबांनी अंगठा समोरच्या बाजूवर टेकवला आणि दचकून काढून घेतला. म्हणाले, अरे, सालच नाही? मी दाढी सांगितली होती, सोलून आण म्हणालो नव्हतो. ते बोटं फिरवत राहिले, डोळ्यांच्या भोकांशी जरा थबकले, नाक शोधलं, मिळालं नाही, मग दातांपाशी आले. एकेक दात मोजल्यासारखा चाचपला. म्हणाले, दात चांगले झालेत. माझ्या उभ्या आयुष्यात बाबांनी माझ्या कामाला दिलेलं हे पहिलं प्रशस्तिपत्र, आणि तेही अशा तोंडाबद्दल.

मग त्यांचा हात मागे गेला. मागची साल बाईंनी तशीच ठेवायला सांगितली होती. तिथे सगळं गुळगुळीत, थंड. त्यांचा तळवा त्या डोक्यावर बसला तो तिथेच राहिला. उजवीकडे, कान असता तर त्याच्या मागे, भोपळ्याला एक उथळशी खाच आहे. बाजारातून आणला तेव्हापासून आहे, माझी करामत नाही. त्या खाचेत त्यांचं बोट पुन्हा पुन्हा जायला लागलं. म्हणाले, तुझ्या आईला इथे अशीच खाच होती. लग्नाला एवढी वर्षं झाली, रोज एका घरात, आणि केसांखाली हे आहे हे मला शेवटच्या दिवशी कळलं.

तुला आठवतं, त्या दिवशी मी तुला स्टँडवर आणायला आलो होतो. हॉस्पिटलच्या खोलीत तेव्हा आई आणि बाबा दोघंच होते. औषधांनी आईचे केस जायला लागले होते, उशीवर पडायचे. बाबा म्हणाले, त्या दिवशी तिनेच मला हाक मारली आणि म्हणाली, थोरली निघाली आहे, येताना तेल आणि कंगवा घेऊन येईल, ती आल्या आल्या माझे केस विंचरायला बसणार. कंगवा लावेल आणि झुपका हातात येईल. तिच्या हाताला ते नको. ती यायच्या आत सगळे काढून टाका, आणि मी सांगितलं असं तिला सांगू नका, म्हणेल माझी वाटसुद्धा पाहिली नाही. बाबांनी काढले. वस्तऱ्याचं त्यांच्या हातून झालेलं ते शेवटचं काम, त्यानंतर दुकानात त्यांनी फक्त कात्री चालवली. मग नर्सने इंजेक्शन दिलं, आई झोपली, आणि आपण दोघं दारात येऊन उभे राहिलो. तू काय म्हणालीस ते मी लिहीत नाही. सगळ्यांसमोर म्हणालीस. माझ्या आईचं तुम्ही काय करून ठेवलंत, आणि त्यापुढे एका फळभाजीचं नाव. आई त्यानंतर जागी झालीच नाही, आणि दुसऱ्या दिवशी सगळं आटोपलं की तू गेलीस.

मी बाबांना विचारलं, तुम्ही तेव्हाच का नाही बोललात? मला खरंच राग आला होता. इतकी वर्षं आपण सगळे काय म्हणून असे जगलो? ते म्हणाले, अरे, तिला तेव्हा कुणावर तरी चिडायचं होतं. आईवर चिडली असती तर भांडायला कुठे गेली असती? माझ्याशी भांडता तरी येतं. मी आहे ना.

त्यानंतर त्यांनी ब्रश मागितला. वाटीत फेस केला, हाताला आठवत होतं सगळं. त्या भोपळ्याच्या मागच्या बाजूला, जिथे साल होती तिथे, फेस लावला आणि वस्तरा मागितला. मी द्यायला घाबरलो, पण दिला. सावकाश, वरून खाली, खाचेपाशी पातं जरा आडवं करून, त्यांनी ते डोकं साफ केलं आणि टॉवेलने टिपलं. मी अंगठा फिरवून पाहिलं. एकही चरा नव्हता. मी म्हटलं, बाबा, आता तरी माझ्याकडून करून घ्या. ते म्हणाले, तू नापास आहेस. नवा भोपळा आण.

तर असा माझा शिल्पकलेतला पहिला प्रयत्न. वर्ग मी सोडला. बाईंनी निरोप पाठवला की तुमच्या दातांसारखे दात आजवर कुणी कोरले नाहीत, पुन्हा या. भोपळा सलूनमध्येच आहे. एक गाल बसला आहे, डोळ्यांभोवती बुरशी धरली आहे, वासही येऊ लागला आहे, पण बाबा टाकू देत नाहीत. दात मात्र अजून जिथल्या तिथे आहेत. भोपळ्याबद्दल माझ्याजवळ सांगण्यासारखं एवढंच होतं, आणि दिलेल्या शब्दाप्रमाणे मी भोपळ्याच्या बाहेर कुठे गेलो असेन तर मोठ्या मनाने क्षमा कर. भावोजींना कवळीबद्दल सांगायला विसरू नकोस.

तुझा, दातांकडे पाठवलेला,
धाकटा

ता. क. बाबांनी मला बजावलं आहे की यातलं काही थोरलीला कळता कामा नये. मी होकार दिला आहे. तेव्हा मी तुला काहीही सांगितलेलं नाही हे लक्षात ठेव. जे काही सांगितलं ते भोपळ्याने.

ता. क. पुन्हा. ऑपरेशन गुरुवारी सकाळी ठेवलं आहे. डॉक्टर म्हणतात, त्यानंतर थांबण्यात अर्थ नाही. बुधवारपर्यंत डोकं झालं तर बाबा सही करणार, नाही झालं तर नाही करणार, आणि मग आपण थंडी संपायची वाट पाहायची. मी हरलो, ताई. माझ्याने होत नाही. ज्याला तू तसं म्हणालीस, त्याचा भोपळा करायचा आहे, आणि तो दुसऱ्या कुणाला करू देणार नाही. भांडायचं असेल तर येऊन भांड, फेस वाळेपर्यंत ते कुठे पळून जात नाहीत. बोलायचं नसेल तर बोलू नकोस, सलूनमध्ये गिऱ्हाइकाशी बोललंच पाहिजे असं थोडंच आहे. पण ये.

ता. क. आणखी एक. हे मी सलूनमध्येच बसून लिहितो आहे. बाबांना पेनाचा आवाज गेला. कुणाला लिहितोस विचारलं. मी म्हटलं, हॉस्पिटलला. मग म्हणाले, हॉस्पिटलला लिही, नवा वस्तरा विकत घेऊ नकोस म्हणावं, मी दिलेला आहे तोच आण. पट्टा आणू नकोस, पट्टा इथे आहे. दुपारपासून मांडीवर घेऊन त्याला तेल चोळत बसलेत.